पोटातली चौदा इंजेक्शनं आणि मल्टिपल स्क्लेरोसिस

चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना आठवत असेल. कुत्रा चावला की घरात एकच धसका असायचा : आता पोटात चौदा इंजेक्शनं. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची, तो धडधाकट राहिला तर सुटलो. मेला किंवा दिसेनासा झाला तर रोज सरकारी दवाखान्याची वारी. मी मेडिकलला होतो तेव्हा हीच लस वापरात होती. ती मेंढीच्या मेंदूपासून बनायची. आणि ती घेतलेल्यांपैकी थोड्या लोकांना दोन-तीन आठवड्यांत भलताच त्रास सुरू व्हायचा. पायातली ताकद जायची, लघवी अडायची, कुणाला दिसायला कमी व्हायचं.

आजचा विषय मात्र मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस. मग कुत्र्याच्या लशीची गोष्ट कशाला? कारण एमएसमध्ये मेंदूला इजा करणाऱ्या पेशी बाहेरून आलेल्या नसतात, आपल्याच रक्तातल्या, आपल्याच रक्षणासाठी असलेल्या असतात, या विचाराकडे शास्त्रज्ञ वळले ते बऱ्याच अंशी या लशीच्या दुष्परिणामांमुळे. दुसरं कारण माझ्या ओपीडीतलं. एमएसचं निदान झालेला पेशंट, नाहीतर त्याचे आई-वडील, एक प्रश्न हमखास विचारतात : "डॉक्टर, प्रतिकारशक्ती कमी झाली म्हणून हे झालं का? ती वाढवायला काय देऊ?" 'नाही' एवढं उत्तर दिलं तर ते कुणाला पटत नाही. मान डोलावतात आणि घरी जाऊन काढा सुरू करतात. म्हणून ते उत्तर कसं सापडलं, कोणत्या वाटेने सापडलं, ते आज सविस्तर सांगतो. मी न्यूरॉलॉजिस्ट नाही, साधा फिजिशियन आहे. पण माझ्या मते हा आजार समजून घ्यायला त्याचा इतिहास हाच सगळ्यात सोपा रस्ता आहे.

आधी आजार थोडक्यात. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या तंतूंवर मायलिन नावाचं चरबीयुक्त आवरण असतं. विजेच्या वायरवर जसं प्लास्टिकचं वेष्टण, तसं. ते असेल तर संदेश झपाट्याने जातो. एमएसमध्ये हे आवरण जागोजागी उखडतं. डोळ्याच्या नसेवर उखडलं तर एका डोळ्याने अंधूक दिसतं आणि डोळा हलवला की दुखतं. मज्जारज्जूत उखडलं तर पाय बधिर होतात, जड वाटतात. बहुतेकांचा त्रास वीस ते चाळीस या वयात सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना हा आजार जास्त होतो. सुरुवातीला त्रास येतो, काही आठवड्यांत बराचसा जातो, पुन्हा काही महिन्यांनी किंवा वर्षांनी दुसरीकडेच येतो. पहिल्या वेळी "अशक्तपणा असेल", "टेन्शन असेल" म्हणून तो सोडून दिला जातो, तो या येण्याजाण्यामुळेच.

पॅरिसमधले डाग

या आजाराला त्याची ओळख दिली ती पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातल्या झाँ-मार्तँ शार्को यांनी, १८६८ साली. तिथे वर्षानुवर्षं पडून असलेल्या पेशंटची लक्षणं ते टिपून ठेवायचे आणि मृत्यूनंतर त्यांचा मेंदू तपासायचे. मेंदूत आणि मज्जारज्जूत ठिकठिकाणी घट्ट, करड्या रंगाचे चट्टे दिसायचे. 'स्क्लेरोसिस' म्हणजे घट्ट होणं, आणि असे चट्टे अनेक, म्हणून 'मल्टिपल'. चट्ट्यांतलं मायलिन गेलेलं आहे पण आतला तंतू बराचसा शाबूत आहे, हेही शार्कोंनी पाहिलं होतं. उपचार मात्र त्यांच्या हाती नव्हता. सिल्व्हर नायट्रेटपासून स्ट्रिक्नीनपर्यंत त्या काळची औषधं देऊन झाली, गुण कशाचाच आला नाही. कारणांमध्ये दीर्घकाळचं दुःख आणि मनस्ताप यांनाही ते मोजायचे. आजही एमएस झालेल्या सुनेला "तू फार विचार करतेस" असं ऐकावं लागतं, ते पाहिलं की वाटतं शार्कोंचा तेवढाच भाग आपल्याकडे नीट पोहोचला.

आपल्या गोष्टीसाठी महत्त्वाचं निरीक्षण शार्कोंच्या पाच वर्षं आधीचं आहे. १८६३ मध्ये गेओर्ग एदुआर्द रिंडफ्लाइश या जर्मन पॅथॉलॉजिस्टने लिहून ठेवलं की प्रत्येक चट्ट्याच्या मधोमध एक बारीक रक्तवाहिनी दिसते आणि तिच्या भिंतीत दाह झालेला असतो. दाह म्हणजे इन्फ्लमेशन. गळू झालं की आजूबाजूला लाली, सूज येते आणि पांढऱ्या पेशी गोळा होतात, तीच क्रिया. नुकसान रक्तातून येणाऱ्या कशामुळे तरी होतंय, असा त्यांचा तर्क होता. पुढे १९१६ मध्ये एडिंबराच्या जेम्स डॉसन यांनी मायक्रोस्कोपखाली चट्ट्यांचा इतका बारकाईने अभ्यास केला, की रक्तवाहिन्यांच्या दिशेने पसरलेल्या लांबट डागांना आजही एमआरआयच्या रिपोर्टमध्ये 'डॉसनची बोटं' म्हणतात. तुमच्या रिपोर्टमध्ये हे शब्द असतील तर घाबरू नका, तिथे कुणाची बोटं नाहीत.

पांढऱ्या पेशी दिसत होत्या. पण त्या तिथे काय करत होत्या? आग लागलेल्या घराभोवती माणसं जमलेली दिसली, तर ती विझवायला आली आहेत की त्यांनीच लावली, हे नुसत्या फोटोवरून सांगता येत नाही. मायक्रोस्कोप म्हणजे असा फोटोच. त्या काळी बहुतेकांना वाटायचं, कुठला तरी जंतू किंवा विष असावं आणि या पेशी त्याच्याशी लढायला आल्या असाव्यात.

लशीतून मिळालेला धागा

६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला रेबीजची लस दिली आणि तो वाचला, ही गोष्ट शाळेत सगळ्यांनी वाचलेली असते. ती लस रेबीज झालेल्या सशाचा मज्जारज्जू सुकवून केलेली होती, हे तपशील मात्र सहसा कुणी सांगत नाही. पुढच्या काही वर्षांत हजारो लोकांनी ती घेतली आणि काहींना लुळेपणा येऊ लागला. पहिल्यांदा साहजिकच शंका आली की लशीतूनच रेबीज झाला असेल. पण यातले बरेच लोक हळूहळू बरे व्हायचे, आणि रेबीज झालेला माणूस वाचत नाही. म्हणजे हे काहीतरी वेगळं होतं.

इथे आपला देश या गोष्टीत येतो. हिमाचलमधल्या कसौलीला काम करणारे ब्रिटिश लष्करी डॉक्टर डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये लशीची पद्धत बदलली. मेंढीच्या मेंदूत वाढवलेला विषाणू कार्बोलिक ॲसिडने मारायचा आणि ते मिश्रण टोचायचं. बनवायला स्वस्त, पाठवायला सोपी. हीच आपली पोटातल्या इंजेक्शनांची 'सेंपल लस'. तिने असंख्य जीव वाचवले, हे आधी सांगायला हवं. पण तिच्यात मेंढीच्या मेंदूतलं मायलिन भरपूर असायचं, आणि लुळेपणाचे पेशंट चालूच राहिले. भारतात ही लस २००४ च्या अखेरीपर्यंत बनत होती.

(जरा थांबून एक गोष्ट. आज मिळणारी रेबीजची लस प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर तयार होते. तिच्यात मेंदूचा कणही नसतो. ती दंडात देतात, चार-पाच वेळा. वरचं वाचून कुत्रा चावल्यावर लस टाळू नका. रेबीजला औषध नाही.)

विषाणू दोषी नाही, तर मग त्याच्यासोबत टोचलेला मेंदूचा अर्क दोषी आहे का? हा प्रश्न प्रयोगाने तपासला न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधल्या थॉमस रिव्हर्स यांनी. गंमत म्हणजे रिव्हर्स स्वतः विषाणूतज्ज्ञ. त्यांनी माकडांना सशाच्या पूर्णपणे निरोगी मेंदूचा अर्क महिनोन्महिने पुन्हा पुन्हा टोचला. जंतू नाही, विषाणू नाही. १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात आठपैकी सात माकडांच्या मेंदूत बिघाड झाला. मेंदू तपासला तर रक्तवाहिन्यांभोवती पांढऱ्या पेशींचा गराडा आणि मायलिन गेलेलं.

शरीर स्वतःच्याच मेंदूवर उलटू शकतं, याचा हा प्रयोगशाळेतला पहिला भक्कम पुरावा. परक्या मेंदूतलं मायलिन वारंवार टोचल्यावर माकडाच्या संरक्षण यंत्रणेने ते 'शत्रू' म्हणून नोंदवून ठेवलं, आणि मग तसंच दिसणारं स्वतःचं मायलिनही सोडलं नाही. पुढे १९४७ मध्ये एल्विन काबाट आणि सहकाऱ्यांनी अर्कात यंत्रणेला डिवचणारं एक तेलकट मिश्रण घालून हाच आजार महिन्यांऐवजी काही आठवड्यांत घडवून आणला. १९५७ मध्ये जपानमधल्या उचिमुरा आणि शिराकी यांनी रेबीजच्या लशीनंतर दगावलेल्या माणसांचे मेंदू तपासले. काहींमधले चट्टे एमएसच्या चट्ट्यांसारखे होते. माकडातलं आणि माणसातलं चित्र जुळत होतं.

कोणती पेशी?

'संरक्षण यंत्रणा' हा शब्द मोठा सोयीचा आहे आणि तितकाच फसवा. तिच्यात अनेक प्रकारच्या पेशी, अनेक रसायनं. यातलं नेमकं कोण मायलिन फोडतं?

पहिला संशय अँटिबॉडींवर होता, म्हणजे रक्तातल्या त्या प्रथिनांवर जी जंतूला जाऊन चिकटतात. संशयाला आधारही होता : १९४२ मध्येच काबाट यांना एमएसच्या पेशंटच्या मणक्यातल्या पाण्यात अशी प्रथिनं वाढलेली सापडली होती. आजही निदानासाठी मणक्यातून पाणी काढतात ते यासाठीच. पण आजारी प्राण्याचा सीरम, म्हणजे अँटिबॉडी असलेला रक्ताचा द्रव, निरोगी प्राण्याला दिला तर आजार होईना. १९६० मध्ये फिलिप पॅटरसन यांनी आजारी उंदरांच्या लसिका ग्रंथींतल्या जिवंत पेशी काढून निरोगी उंदरांना दिल्या, आणि त्यांना आजार झाला. आजार पेशींबरोबर प्रवास करत होता.

त्या पेशी कोणत्या, हे कळायला आणखी दोन दशकं गेली, कारण तोपर्यंत टी पेशी आणि बी पेशी असा भेदच माहीत नव्हता. टी पेशी म्हणजे छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत तयार झालेल्या. शत्रू ओळखणं, हुकूम देणं, काही वेळा स्वतः हल्ला करणं ही त्यांची कामं. बी पेशींपासून अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी तयार होतात. १९८१ मध्ये इस्रायलमधल्या वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये अव्राहम बेन-नून, हार्टमुट वेकर्ले आणि इरुन कोहेन यांनी मायलिनमधलं एक प्रथिन ओळखणाऱ्या टी पेशी बशीत वाढवल्या आणि निरोगी उंदरांना टोचल्या. उंदीर लुळे पडले. आग विझवायला आलेले आणि लावणारे यांतला फरक आता दिसला होता. पुढची पंचवीस वर्षं एमएस म्हणजे टी पेशींचा आजार, हे जवळजवळ ठरूनच गेलं.

पण एक गोष्ट अडत होती. मायलिन ओळखणाऱ्या टी पेशी निरोगी माणसांच्या रक्तातही सापडल्या. तुमच्या-माझ्याही असतील. त्या शांतपणे फिरत राहतात, कारण त्यांना कुणी चेतवलेलं नसतं आणि रक्त व मेंदू यांच्यामधली भिंत त्यांना सहज आत सोडत नाही. एमएसमध्ये त्या चेतवल्या जातात, भिंत ओलांडतात, आत गेल्यावर रसायनं सोडून आणखी पेशींना बोलावतात. त्यांत मॅक्रोफेज असतात, म्हणजे कचरा खाणाऱ्या पेशी. मायलिन प्रत्यक्षात गिळतात त्या याच. चट्ट्यांत चरबीने भरलेल्या पेशी शार्कोंच्या काळापासून दिसत होत्या, त्या याच.

'वाढवून' पाहिलं तेव्हा

आता त्या ओपीडीतल्या प्रश्नाकडे येतो. प्रतिकारशक्ती वाढवली तर?

हे करून पाहिलेलं आहे. १९८० च्या दशकात एमएसमागे विषाणू असावा ही शंका जोरात होती. इंटरफेरॉन ही विषाणूंशी लढणारी शरीरातलीच रसायनं. तेव्हा अमेरिकेत १८ पेशंटना इंटरफेरॉन गॅमा देण्यात आलं. उद्देश चांगला होता, विचार तर्काला धरून होता. १८ पैकी ७ जणांना उपचार सुरू असतानाच आजाराचा झटका आला. रक्तातल्या दाहक पेशी जास्त चेतलेल्या दिसल्या. उपचार थांबवला गेला, आणि १९८७ मध्ये हा निष्कर्ष लपवून न ठेवता प्रसिद्ध केला गेला. माझ्या दृष्टीने एमएसच्या इतिहासातला हा सगळ्यात उपयोगी 'फसलेला' प्रयोग आहे. इंटरफेरॉन गॅमा म्हणजे टी पेशींची एकमेकींना दिलेली हाक. ती हाक मोठी केली आणि आजार भडकला.

याच घराण्यातलं इंटरफेरॉन बीटा मात्र उलट वागलं. त्याने झटके साधारण एक तृतीयांशाने कमी झाले आणि १९९३ मध्ये ते एमएसचं पहिलं मान्यताप्राप्त औषध ठरलं. नावं सख्ख्या भावांसारखी, परिणाम विरुद्ध. म्हणून 'इम्युनिटी' नावाची एकच पट्टी आहे, ती वर सरकवली की चांगलं आणि खाली आली की वाईट, ही जाहिरातीतली कल्पना डोक्यातून काढा.

दुसरं औषध, ग्लॅटिरामर, तर अपघातानेच सापडलं. वाइझमनमध्येच मायकेल सेला, रूथ अर्नोन आणि द्वोरा टायटेलबाउम यांनी मायलिनच्या प्रथिनासारखं एक कृत्रिम प्रथिन बनवलं. प्राण्यांना तो मेंदूचा आजार त्याने होईल अशी अपेक्षा. झाला नाहीच, उलट ज्यांना दिलं त्यांचा आजारापासून बचाव झाला. हे १९७१ मध्ये प्रसिद्ध झालं, औषधाला मान्यता मिळायला १९९६ उजाडलं.

उलट दिशेचाही धडा आहे. टीएनएफ नावाचं दाह वाढवणारं रसायन अडवलं की संधिवात आटोक्यात येतो, प्राण्यांतला एमएससारखा आजारही कमी होतो. मग एमएसमध्येही हाच उपाय करायला काय हरकत? १९९९ मध्ये निकाल आला : १६८ पेशंटच्या चाचणीत औषध मिळालेल्यांना झटके जास्त आले. म्हणून घरात कुणाला एमएस असेल आणि त्याच माणसाला सांधेदुखीसाठी महागडी 'बायोलॉजिकल' इंजेक्शनं सुचवली गेली, तर संधिवाताच्या डॉक्टरांना एमएसबद्दल आठवणीने सांगा. उंदराला बरं करणारं औषध माणसाला बरं करेलच असं नाही, हे या आजाराने आम्हाला पुन्हा पुन्हा शिकवलं आहे.

तिसरा मार्ग वेगळा होता : पेशींना मारू नका, चेतवू नका, फक्त मेंदूत शिरू देऊ नका. टी पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला ज्या 'हुका'ने अडकून आत शिरतात, तो १९९२ मध्ये प्राण्यांत अडवून दाखवला गेला. त्यावरून नॅटालिझुमॅब हे औषध आलं. नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेत मान्यता. झटके दोन तृतीयांशाने कमी. आणि तीनच महिन्यांनी, फेब्रुवारी २००५ मध्ये, ते बाजारातून मागे घ्यावं लागलं. काही पेशंटच्या मेंदूत जेसी नावाचा विषाणू माजला होता. हा विषाणू अनेकांच्या शरीरात निपचित पडून असतो आणि मेंदूत गस्त घालणाऱ्या पेशी त्याला डोकं वर काढू देत नाहीत. गस्तच बंद झाली होती. पुढच्या वर्षी औषध परत आलं, ते कडक अटींसह. आता देण्याआधी आणि देताना रक्तात या विषाणूची तपासणी करतात. ज्या पेशी मायलिन फोडतात, त्यांच्याच भाईबंद मेंदू सांभाळतातही, हे इतक्या स्पष्टपणे आधी कधी समोर आलं नव्हतं.

बी पेशींचं पुनरागमन

टी पेशींचं राज्य सुरू असताना सॅन फ्रान्सिस्कोचे स्टीफन हाउजर बी पेशींकडे बोट दाखवत होते. संशोधनाला पैसा देणाऱ्यांना ते पटत नव्हतं. अखेर रिटुक्सिमॅब हे बी पेशी नष्ट करणारं, लिम्फोमा या कॅन्सरसाठी वापरात असलेलं औषध १०४ पेशंटच्या चाचणीत तपासलं गेलं. २००८ मध्ये निकाल आला. एमआरआयवर दिसणारे नवे, ताजे दाहाचे डाग ९१ टक्क्यांनी कमी. या क्षेत्रातल्या अनेकांना हा धक्का होता.

आणि त्यात एक कोडं होतं. अँटिबॉडी प्रत्यक्ष बनवणाऱ्या परिपक्व पेशींना हे औषध हात लावत नाही. रक्तातल्या अँटिबॉडी लगेच कमी होत नाहीत. तरी फायदा काही आठवड्यांतच दिसला. म्हणजे बी पेशी दुसरंच काहीतरी करत असणार. आज आपल्याला कळतं की त्या टी पेशींना 'हा बघ शत्रू' असं दाखवतात आणि दाहाची रसायनं सोडतात. टी पेशी हल्लेखोर खऱ्याच, पण त्यांच्या कानाला लागणाऱ्या बी पेशी होत्या. २०१७ मध्ये याच पद्धतीचं ओक्रेलिझुमॅब मान्य झालं. सुरुवातीपासूनच हळूहळू वाढत जाणाऱ्या एमएसच्या प्रकारासाठी मान्यता मिळालेलं ते पहिलं औषध. आपल्याकडे किमतीमुळे बरेच न्यूरॉलॉजिस्ट रिटुक्सिमॅब वापरतात. ते सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बी आणि टीबीची तपासणी, राहिलेल्या लशी घेणं, या कामांसाठी पेशंट माझ्यासारख्या फिजिशियनकडे येतात. "इतक्या टेस्ट कशाला?" असं तेव्हा विचारतात. वरचा जेसी विषाणूचा परिच्छेद पुन्हा वाचा.

२०२२ मध्ये बी पेशींच्या कथेला आणखी एक धागा जुळला. हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकन सैन्यातल्या एक कोटीहून अधिक लोकांच्या नोंदी आणि साठवलेले रक्ताचे नमुने तपासले. एपस्टीन-बार विषाणूची लागण झाल्यानंतर एमएसचा धोका ३२ पट वाढलेला दिसला. आणि हा विषाणू शरीरात कायम मुक्काम करतो तो बी पेशींमध्येच! मात्र हा विषाणू जगातल्या बहुसंख्य प्रौढांच्या शरीरात असतो आणि एमएस त्यांतल्या फार थोड्यांना होतो. त्यामुळे त्याची टेस्ट करून एमएस होणार की नाही हे कळत नाही. कृपया करून घेऊ नका.

अँटिबॉडीवरचा जुना संशय अगदीच वाया गेला नाही, हेही सांगतो. आशियात एमएस समजल्या गेलेल्या काही पेशंटना वेगळाच आजार होता. डोळ्यांच्या नसा आणि मज्जारज्जू यांवर जबर हल्ला करणारा न्यूरोमायलायटिस ऑप्टिका. २००४ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या व्हांडा लेनन आणि सहकाऱ्यांनी त्याची खास अँटिबॉडी शोधली, आणि इथे अँटिबॉडी खरोखरच गुन्हेगार निघाली. एमएसची काही औषधं या आजारात त्रास वाढवतात. म्हणून एमएसचं निदान करताना न्यूरॉलॉजिस्टनी अँटिबॉडीची वेगळी रक्ततपासणी लिहिली, तर खर्च वाटला तरी ती टाळू नका.

आता काढ्याचं. गुळवेल, अमुक चूर्ण, तमुक 'इम्युनिटी बूस्टर' घेणाऱ्यांना मी दटावत नाही, पण घेतलंय ते सांगायला लावतो. कोविडच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या पेशंटची नोंद प्रसिद्ध केली. इजेचं स्वरूप शरीरच यकृतावर उलटल्यासारखं होतं. एमएसच्या बऱ्याच औषधांत यकृताच्या तपासण्या कराव्याच लागतात. तिथे असा गोंधळ परवडत नाही. सिगारेट मात्र बंद म्हणजे बंद. तिच्यामुळे एमएस होण्याचा धोकाही वाढतो आणि झालेला आजार पुढे सरकण्याचाही.

राहता राहिला तो प्रश्न, जो दहा-पंधरा वर्षं आजार असलेले पेशंट विचारतात : "एमआरआयमध्ये नवीन डाग नाही, झटका नाही, मग चालणं दरवर्षी थोडं मंद का होतंय?" याचं उत्तर रक्तातून येणाऱ्या पेशींत नाही. १९१९ मध्ये स्पेनच्या पीओ देल रिओ ओर्तेगा यांनी मेंदूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या पेशी ओळखल्या. या कुठून येत नाहीत, त्या मेंदूच्या जन्मापासूनच्या रहिवासी. जुन्या चट्ट्यांच्या कडेला त्या वर्षानुवर्षं धुमसत राहतात, राखेखालच्या निखाऱ्यासारख्या, आणि उघडे पडलेले तंतू हळूहळू झिजतात. आजची बहुतेक औषधं रक्तातल्या पेशींवर चालतात, भिंतीच्या आतल्या या पेशींपर्यंत फारशी पोहोचत नाहीत. आत पोहोचणाऱ्या औषधांच्या चाचण्या गेली काही वर्षं सुरू आहेत. तोवर नवीन डाग न येणं याचा अर्थ औषध आपलं काम करतंय असाच घ्यायचा, ते स्वतःहून बंद करायचं नाही, आणि फिजिओथेरपीचा दिवस चुकवायचा नाही. पायाचा ताठरपणा, लघवीची घाई, थकवा यांवर वेगळी औषधं आहेत. त्याबद्दल लाजून गप्प बसू नका, पुढच्या भेटीत विचारा.